आधी चाखा

दोह्यात भर जूनमध्ये लोकरीचा स्वेटर घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तपकिरी, हातानं विणलेला, कोपरांवर भलत्याच रंगाच्या लोकरीनं दुरुस्त केलेला स्वेटर. बाहेर अंगाची लाही लाही होत असायची आणि हे गृहस्थ तो स्वेटर घालून स्टाफच्या बसमधून उतरायचे, मुशैरिबमधल्या आमच्या हॉटेलच्या मागच्या दारानं आत शिरायचे आणि तडक तळघर गाठायचे. स्वेटर खाली गेल्यावर घालावा, एवढं साधं शहाणपण त्यांना कोणी शिकवू शकलं नाही. मी एकदा सांगून पाहिलं. "मंग बसमधून काय घडी घालून आणू? चुरगळंल ना ताई," ते म्हणाले. मी तो नाद सोडला.

तळघरात हॉटेलची वाइन ठेवायची खोली होती. बाकी सगळे तिला सेलर म्हणायचे, ते म्हणायचे 'कोल्ड'. त्यांचा हुद्दा इंग्रजीत चांगला लांबलचक होता, पण काम एकच: कोल्डचा थंडावा हलू द्यायचा नाही. भिंतीवर तापमान दाखवणारं यंत्र होतं, तरी त्यांचा स्वतःचा काचेचा थर्मामीटर खिशात असे. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. माणसांवर तर त्याहून नव्हता.

मूळचे ते निफाडकडचे, द्राक्षाच्या बागेतले. तिकडे हिवाळ्यात असा कडाका पडतो की मणी तडकतात, मग लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. "तिथं थंडी हाकलायची, इथं थंडी राखायची. माझं आयुष्य असं उलटंपालटं झालंय," असं ते म्हणत, आणि हे सांगताना कधी हसत नसत. मी पुण्याची, खरेदी विभागात कामाला, वयानं त्यांच्या मुलीसारखी. तरी त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ताई म्हटलं आणि मी त्यांना काका. हॉटेलात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे पटो न पटो, एकमेकांच्या वाट्याला आलो होतो.

आमची गाठ पडायची ती मोरीपाशी. एखाद्या पाहुण्यानं वाइन आवडली नाही म्हणून बाटली परत पाठवली, तर ती तशीच कुठे ठेवता येत नाही. कोल्डशेजारच्या मोरीत ओतून टाकावी लागते, आणि ओतताना दोन माणसं हजर हवीत: एक कोल्डचं, एक खरेदीचं. कोणी मागच्या मागे पिऊ नये म्हणून हा नियम. खरेदीचं माणूस म्हणजे मी. काका स्वेटरची गळपट्टी नाकावर ओढून घेत, तोंड फिरवत आणि बाटली उपडी करत. त्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. इतकी वर्षं त्या खोलीत काढून त्यांना वाइनची चव माहीत नव्हती, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

ओतताना ते शिव्या देत. त्या शिव्यांचं काय वर्णन करू? कानाला घाण वाटेल असा एकही शब्द नाही, सगळा बागेतला माल. "भुरी पडो याच्या तोंडावर." भुरी म्हणजे द्राक्षावर येणारी पांढरी बुरशी. "वांझफुटीचा कुठला. मणी न धरता सुकंल याचा घड." शिव्या दारू पिणाऱ्याला नसायच्या, परत पाठवणाऱ्याला असायच्या. "कोणाच्या तरी बागेतला घड हाये हा, ताई. कोणीतरी छाटणी केली आसंल, घडाला हात लावला आसंल. अन् हा म्हंतो, नको." कॉम्प्रेसर बंद पडला की त्याला शिव्या, मेकॅनिक उशिरा आला की त्याला शिव्या, जनरल मॅनेजरला तो पाठमोरा झाल्यावर शिव्या. मी कधी कधी त्या ऐकायलाच खाली जात असे. ऑफिसात माझ्याशी इतकं रसाळ मराठी कोणी बोलत नव्हतं.

आणखी एक शब्द त्यांचा लाडका होता. हिरवा कडक मणी मऊ पडायला लागला, त्याच्यात रस भरायला लागला, की बागेत म्हणतात पाणी उतरलं. काका हे माणसांना लावत. नवा पोऱ्या बाटल्यांची खोकी आदळू लागला की म्हणत, "अजून पाणी उतरलं नई याच्यात." मी बॉसशी भांडून रडत खाली गेले होते, तेव्हा मलाही त्यांनी तेच ऐकवलं. मला राग आला, पण ते खरंही होतं.

आता त्यांचा खरा विक्षिप्तपणा सांगते. हा माणूस शब्द जसाच्या तसा घेत असे. दिलेला आणि घेतलेलाही. आपण बोलता बोलता शंभर गोष्टी बोलून जातो, त्या हवेत विरतात. त्यांच्याकडे काही विरत नसे. स्टाफ कँटीनमधल्या मलबारी आचाऱ्याशी एकदा कच्च्या भातावरून त्यांचं वाजलं आणि "तेरे हाथ का नहीं खाऊँगा" असं ते बोलून बसले. दुसऱ्या दिवशी राग गेला, भूक राहिली. मग त्यांनी वाट काढली. आचाऱ्यानं शिजवायचं, पण ताटात वाढायचं दुसऱ्या कोणीतरी. मी तिथे रुजू झाले तेव्हा हे प्रकरण कित्येक वर्षं जुनं होतं आणि आचारी स्वतःच कोणाला तरी हाक मारून यांना वाढायला सांगे. दोघांची दोस्ती होती. तरी हातचं ते हातचं.

आणि ते कधीही "येतो" म्हणत नसत. आपल्यात निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, अभद्र वाटतं. काका बेधडक "जातो" म्हणत. सुट्टीवर निघतानासुद्धा. मी दटावलं की म्हणत, "येईनच याची खात्री काय? उगा शब्द कशाला द्यायचा?"

असे हे काका एक दिवस खरेदी विभागात, चक्क माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वर ते कधी येत नसत. हातात कागदाचा चिटोरा, त्यावर मोठ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत एका मळ्याचं नाव.

"ताई, ही वाइन मागवा."

इंग्लंडमधली होती. थंड मुलुखातली, पांढरी, कोरडी वाइन. मी नाव कधी ऐकलं नव्हतं. इंग्लंडमध्ये द्राक्षं होतात हेच मला नवीन होतं. मी म्हटलं, "काका, बार मॅनेजरनं सांगितल्याशिवाय मी काही मागवू शकत नाही. आणि तुम्हाला काय करायचीय?"

"त्याला मी सांगतो. तुम्ही कागद तयार ठेवा," म्हणाले आणि गेले.

बार मॅनेजर लेबनीज होता, हौशी होता. यादीत काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून त्यानं मान डोलावली. पण आमचा माल आणणाऱ्या एजंटनं सांगितलं की एवढ्याशा मालासाठी कोणी स्वतंत्र पाठवणी करत नाही, युरोपातला दुसरा माल भरला की त्याबरोबर येईल. इन्शाल्ला. काका त्यानंतर रोज फोनवर विचारू लागले. "निघाली का?" एवढंच. मी "नाही" म्हटलं की फोन बंद. माझ्या डोक्याला अगदी ताप झाला. म्हातारा आता या वयात प्यायला लागला की काय, अशी शंका मला आली, आणि मी ती त्यांना तोंडावर विचारली.

हॉटेलच्या मागे माल उतरवायची जागा होती, तिथे एक बाकडं होतं. तिथे कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेऊन बसलो असताना त्यांनी मला सांगितलं.

त्यांना एकुलता एक मुलगा होता. शेतकी शिकलेला. त्याच्या डोक्यात आलं की घरची खायच्या द्राक्षाची थोडी बाग काढून तिथे वाइनची द्राक्षं लावायची. काकांनी इथून फोनवर सांगितलं, "माझ्या बागेत दारू लावायची नई." मुलगा म्हणाला, "अन् तुम्ही काय करू राह्यले तिथं?"

यातली मेख अशी की गावाला काकांचं काम माहीतच नव्हतं. ते पहिल्यांदा घरी गेले तेव्हा विचारणाऱ्यांना म्हणाले होते, "कोल्ड स्टोरेजात आहे." त्या भागात कोल्ड स्टोरेज म्हणजे द्राक्षं साठवायची जागा, दुसरा अर्थच नाही. सगळे धरून चालले की हे कतारमध्ये फळं राखतात. आणि शब्दाचा एवढा पक्का माणूस, पण हे त्यांनी दुरुस्त केलं नाही. "मी खोटं बोललो नव्हतो," ते मला म्हणाले. "कोल्डच हाये." मग म्हणाले, "पोरानं वळखलं होतं. पण त्यानं गावात तोंड उघडलं नई. त्याच्या आईपाशी बी नई."

मुलगा पुढे इंग्लंडला एका द्राक्षमळ्यात मजूर म्हणून गेला. निघताना रीतीप्रमाणे "येतो" म्हणाला. बापलेकांचं बोलणं बंद. आईकडून खबर येई. तिथेही थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, हे तिनं सांगितलं तेव्हा काकांना बरं वाटलं होतं. मग मुलाला हळूहळू वाइन करायच्या कामात घेतलं, आणि एका वर्षी त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेली वाइन बाटलीत भरली गेली. त्या दिवशी त्यानं होऊन बापाला फोन केला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबा, इथं ऊन नई. घड गोडच होत नई. मंग जी काय थोडी साखर आसती ती बी संपू द्यायची अन् कोरडी वाइन करायची. तुम्ही आधी चाखा, मंग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. चाखल्याशिवाय फोन करू नका."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, बरं."

मी कपाळावर हात मारला. "अहो काका, ती बोलायची पद्धत असते. त्यानं होऊन फोन केला म्हणजे त्याला बोलायचं होतं. तुम्ही आत्ता लावा फोन. मी देते लावून."

"बरं म्हणालो ना, ताई."

"मग चुकलं म्हणा."

"चाखल्यावर म्हणंन." आणि त्यांनी कप चुरगळला. जन्मात न प्यायलेला माणूस मुलाशी बोलता यावं म्हणून पहिला घोट घ्यायला तयार झाला होता, पण घोटाच्या आधी बोलायला तयार नव्हता. मला त्यांचा संताप आला. असल्या माणसांचा मला आजही संताप येतो. शब्द पाळल्याचं पुण्य यांना, आणि वाट पाहायची दुसऱ्यानं.

त्या दिवसापासून मी एजंटच्या मागे हात धुऊन लागले. रोज यल्ला यल्ला, लवकर कर, म्हणत त्याला फोन. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. दोह्यातल्याच अबू हमूर भागात आम्ही चारपाच मराठी घरांनी फराळ केला होता, त्यातल्या चकल्या काकांना नेऊन दिल्या. त्यांनी एक मोडून पाहिली आणि म्हणाले, "निघाली का?"

जानेवारीत एजंटचा निरोप आला की माल जहाजावर चढला. मी फोनवर न सांगता मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. काकांनी थर्मामीटर खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला. "मंग आता थोडंच राह्यलं," ते म्हणाले. एवढा मऊ आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. सकाळी मी नुकती येऊन बसले होते तर ते टेबलापाशी उभे.

"ताई, रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून द्या."

"कशासाठी काका?"

"पोराला आणायचं हाये."

मला इतका आनंद झाला. वाटलं, हा शहाणा झाला, चाखायची वाट न बघता फोन करून मोकळा झाला. मी हसतच म्हटलं, "अरे वा, येतोय का तो?"

"येतोय," ते म्हणाले. "पेटीत."

कामावर जाताना रस्त्यावर बर्फ होतं, गाडी घसरली. एवढंच त्यांना कळलं होतं आणि एवढंच त्यांनी मला सांगितलं. मी उठून त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, पण नजर समोरच्या कोऱ्या कागदावर होती, मी लिहायला कधी लागते त्याची वाट बघत. मी लिहायला लागले. निघताना ते म्हणाले, "जातो." या वेळी मी दटावलं नाही.

ते गावी असतानाच वाइन आली. खोकी मीच ताब्यात घेतली. मला वाटलं, परत पाठवता आली तर बरं होईल. तसं काही करता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती कोल्डमध्ये अगदी आतल्या फळीवर, दुसऱ्या खोक्यांमागे लावून घेतली. काका परत आले त्या दिवशी तासाभरात त्यांनी ती शोधून काढली. मी गेले तेव्हा ते फळीसमोर स्टुलावर बसले होते. मुंडण केलेलं डोकं, त्यावर केसांची खुंटं यायला लागलेली. स्वेटर तोच.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "येतो म्हणून गेला होता. त्यानं शब्द पाळला."

मी म्हटलं, "काका, एक बाटली उघडायला लावते. मॅनेजरशी मी बोलते."

"हॉटेलची हाये ती. आपली नई."

आणि लगेच रमझान लागला. रमझानमध्ये हॉटेलात दारू मिळत नाही, बार बंद, कोल्डला कुलूप. किल्ली काकांकडे. महिनाभर तो माणूस रोज एकटा आत जात होता, थर्मामीटर धरून त्या खोक्यांजवळ उभा राहत होता आणि कुलूप लावून बाहेर येत होता. त्यांनी एक बाटली काढून घेतली असती तर हिशेब मी जुळवून दिला असता, नोकरी गेली असती तरी दिला असता. त्यांनी घेतली नाही. मात्र शिव्या सुरू होत्या. रमझानच्या मध्यावर कॉम्प्रेसर बिघडला तेव्हा त्यांनी त्याच्या सात पिढ्यांवर भुरी पाडली, आणि ते ऐकून मला हायसं वाटलं. म्हटलं, माणूस आत कुठेतरी शाबूत आहे.

ईद झाली, बार उघडले. आणि काही दिवसांनी एका दुपारी खालून फोन आला की बाटली परत आलीय, ओतायला या.

मी जिना उतरले आणि मोरीपाशी थबकले. त्याच वाइनची बाटली होती. जेवायला आलेल्या कोणा इंग्रज पाहुण्यानंच मागवली होती. एक घोट घेऊन तो म्हणाला, फारच आंबट आहे. वेटर कारण सांगून निघून गेला. बाटली जवळजवळ भरलेली. आम्ही दोघं आणि ती.

मी दाराला आतून कडी लावली. फोन आला तेव्हा हातात असलेला माझा पाण्याचा स्टीलचा पेला मी तसाच घेऊन उतरले होते, तो मी पाणी ओतून रिकामा केला आणि त्यांच्यापुढे धरला. नियम दोघांनाही पाठ होता. काका पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नाकावरची गळपट्टी खाली केली.

"ओतायच्या आधी सांडली तर सांडली," मी म्हटलं.

त्यांनी जेमतेम बुडाशी येईल एवढीच घेतली. बागेत मणी तोडून तोंडात टाकावा तशी ती तोंडात घेतली, गालात फिरवली, डोळे मिटले. मला वाटलं थुंकतील. त्यांनी गिळली.

मग हलक्या आवाजात म्हणाले, "आंबट हाये. रायआवळ्यावानी. मागून गवताचा वास येतो, ओल्या." पुन्हा जीभ फिरवली. "गोडी कुठंच ठेवली नई त्यानं. पण ताई, पाणी उतरलेलं हाये. घाई नई केली पोरानं."

मी रडत होते. ते रडत नव्हते. त्यांनी पेला विसळला, पालथा घातला. उरलेली बाटली दोन्ही हातांनी धरून मोरीत ओतली, या वेळी तोंड न फिरवता, शेवटच्या थेंबापर्यंत.

"चाखली," ते म्हणाले. "आता मी बोलायला मोकळा."

ते ताठ उभे राहिले. कॉम्प्रेसरसमोर उभे राहत तसे, छाती भरून, हनुवटी पुढे काढून. त्यांनी तोंड उघडलं. मला हवी होती ती शिवी. त्या पोराला भुरी पडली असती, वांझफूट म्हटलं असतं, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याच्यासाठीच तर ते एवढे दिवस थांबले होते. मी वाट बघत राहिले. मोरीत पाणी गुडगुडत खाली गेलं आणि थांबलं.

एकही शिवी आली नाही.